हेनीच्या गोष्टीतलं लोणी

"लोणी नव्हतं."

"थोडंसं तरी असेल."

"थोडंसंही नव्हतं, सुवर्णा. बोटाला पुसण्याइतकंही नव्हतं."

"गाई होत्या नं? सात गाई होत्या, हे तूच सांगितलंस. पान नऊ."

"गाई होत्या. दूध जर्मन सैन्य न्यायचं. पान दहा."

"सगळंच्या सगळं? सात गाईंचं? अगं, दूध काढणारी बाई वाटीभर बाजूला ठेवतेच. जगात कुठेही ठेवते. ते तू मला नको सांगू."

"ठेवत असेल. मला मिळालं नाही. मी गोठ्याच्या फळ्यांखाली होते."

"मी तेच म्हणून राहिली. फळ्यांखाली होतीस, म्हणून तर आधी तुला द्यायला पाहिजे होतं."

यावर हेनीने उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला. तो ब्रेक होता.

हेनी चौतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या पिवळ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि हेनीच्या पायाखाली दुसरा. गाडी विकून बारा वर्षं झाली, पण समोरचं माणूस चुकीच्या लेनमध्ये शिरलं की हेनीचा पाय अजूनही आपोआप खाली जातो. त्या महिन्यात तो दिवसातून दहा-दहा वेळा जात होता, आणि दर वेळी कारण एकच, सुवर्णाकाकू गोष्टीतल्या मुलीला काहीतरी खायला घालत होत्या.

गोष्ट हेनीची. टाइप केलेली बावीस पानं, स्टेपल मारलेली. ती माझ्यासमोर उघडी होती, कारण मी प्रॉम्प्टर. मी काकूंच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते आणि नाटकाचं शिक्षण घेतलंय. काकूंच्या लेखी याचा अर्थ एवढाच की मला वही धरून बसता येतं.

"केया, तू सांग," काकू माझ्याकडे वळल्या. "सहा वर्षांचं लेकरू तीन दिवस अंधारात. वरती ती बाई स्वयंपाक करते. एक तुकडा खाली ढकलता येत नाही?"

"काकू, पान अकरावर लिहिलंय. गोठ्यात सैनिक बसला होता."

"चोवीस तास?"

"चोवीस तास," हेनी म्हणाली. "दूध काढायच्या स्टुलावर. हार्मोनिका वाजवत. आणि सुवर्णा, तो वाईट वाजवायचा. तीन दिवस एकच गाणं आणि तीन दिवस एकाच ठिकाणी चूक. मला भूक आठवते त्याहून जास्त ती चूक आठवते. फळी ठोकून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, तिथे वर जा, खाली नको."

काकू हसल्या. मग लगेच म्हणाल्या, "बरं, लोणी राहू दे. साखरेचा एक खडा?"

पाय पुन्हा खाली गेला.

हे भांडण न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, हेनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चालायचं. चालायचं इंग्रजीत. हेनीचं इंग्रजी डच वळणाचं, काकूंचं नागपूरच्या मुलींच्या शाळेत सदतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून घट्ट झालेलं. चिडल्या की काकू मराठीत शिरायच्या आणि हेनीला तेही बरंचसं कळायचं. याला कारण आमच्या बायका. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या, दिवसभर घरात बसलेल्या कितीतरी मराठी बायकांना स्टिअरिंगवर बसवलं ते हेनीने. माझी रत्नामावशी त्यातलीच. ती म्हणते, "मला अमेरिका हेनीने दाखवली. नवऱ्याने फक्त एअरपोर्ट दाखवला." त्या काळात हेनी तीन शब्द बोलायला शिकली होती: 'हळू', 'थांब' आणि 'अगं बाई'. ती सांगते की रूट फॉर्टी-सिक्सवर एवढ्यावर भागतं.

काकू तिच्या शेवटच्या विद्यार्थिनी. नागपूरहून मुलाकडे, यतीनदादाकडे, राहायला आल्या तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. हेनी रिटायर झालेली, पण रत्नामावशीने गळ घातली म्हणून यतीनदादाच्या गाडीत पाच लेसन द्यायला तयार झाली. काकू हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाला काचेतून हात जोडायच्या. हेनी म्हणायची, "दोन्ही हात चाकावर. माफी घरी गेल्यावर माग." चौथ्या लेसनला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकल्या, तेव्हा काकूंनी सहज विचारलं, तू मूळची कुठली. मग हेनीने सहज सांगितलं.

जन्म ॲम्स्टरडॅमचा, ज्यू घरातला, एकोणीसशे अडतीस सालचा. पाच वर्षांची असताना आईवडिलांना पकडून नेलं. हेनीला ठेवलं होतं एका पाळणाघरात, तिथूनच पुढे छळछावणीच्या गाडीत भरायचं होतं. एका सकाळी कॉलेजातल्या एका मुलीने तिचा हात धरला आणि ट्रामच्या आडोशाने तिला सरळ चालवत बाहेर काढलं. मग रेल्वे, मग सायकलचं कॅरियर, मग उत्तरेला फ्रीसलंडमधलं एक शेत. तिथे ट्राइन नावाची शेतकरीण होती. काकू तिला 'ट्राइनमावशी' म्हणतात आणि हेनीने त्याला कधी ब्रेक लावलेला नाही.

ट्राइनने पहिल्याच संध्याकाळी हिला समोर बसवून तालीम घेतली. ही तालीम मी पान पाचवरून जशीच्या तशी देते.

"नाव काय?"

"युडिथ."

"नाही. नाव हेनी. गाव?"

"ॲम्स्टरडॅम."

"नाही. रॉटरडॅम. बॉम्ब पडला, घर गेलं, कागद जळले. आई कुठे?"

इथे मुलगी रडायला लागली. तेव्हा ट्राइन म्हणाली, "आईचं विचारलं की रडायचं नाही. शेंबूड पुसायचा. बाहीला. रडणाऱ्या मुलीकडे लोक टक लावून बघतात. शेंबड्या मुलीकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही."

मी नाट्यशास्त्राच्या वर्गात दोन वर्षं काढली, इतकी कामाची सूचना मला तिथे मिळाली नाही. हेनीने दोन हिवाळे ती पाळली. गावातल्या पाद्र्यासमोर पुसला, पोलिसासमोर पुसला, एकदा तर शाळेच्या इन्स्पेक्टरने घाईघाईने स्वतःचा रुमाल देऊन टाकला. तो रुमाल तिच्याकडे बरीच वर्षं होता. युद्ध संपलं, आईवडील परतले नाहीत. बाराव्या वर्षी वडिलांच्या चुलतभावाने तिला न्यू जर्सीला, पॅटरसनला आणलं. तिथे खरं नाव परत घेता आलं असतं. "घेतलं नाही," ती सांगते. "इतकी मेहनत करून पाठ केलेलं नाव. वाया कशाला घालवायचं?"

तर हे सगळं ऐकून झाल्यावर, पुढची गाडी हलली तरी काकूंनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. मागून हॉर्न सुरू झाले. काकू म्हणाल्या, "त्या तीन दिवसांत तू काय खाल्लंस?"

हेनी पन्नास वर्षं शाळांतून, लायब्रऱ्यांतून ही गोष्ट सांगत आली. लोक भीती वाटली का विचारतात, द्वेष वाटतो का विचारतात, देवावर विश्वास आहे का विचारतात. जेवलीस का, हे पहिल्यांदाच कोणी विचारलं.

"बीट," ती म्हणाली. "गुरांचं. दोन. कच्ची."

दोन वर्षांपूर्वी हेनीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण दहा मिनिटं. त्यानंतर नुसती खरखर. गोष्ट चाळीस मिनिटांची. आमच्या काउंटीतल्या एका संस्थेची यासाठी योजना आहे: असा माणूस बोलू शकेनासा झाला की त्याने निवडलेल्या दुसऱ्या कोणीतरी ती गोष्ट शिकायची आणि शाळांमध्ये सांगायची. शब्दाला शब्द. आधी एका शाळेत चाचणी. संस्थेची बाई येऊन हातात पानं घेऊन ताडून बघते. जमलं तर ठीक, नाहीतर जुना व्हिडिओ लावायचा.

हेनीला व्हिडिओ नको होता. "व्हिडिओला हात वर करून प्रश्न विचारता येत नाही," ती म्हणायची. "मुलं झोपतात. मीही झोपले होते."

मुलगा डॅनियल सिॲटलला. त्याने प्रयत्न केला. "डॅनियल पान तीनवर रडतो," हेनीने मला सांगितलं. "पानं बावीस." संस्थेने आणखी दोघे पाठवले होते. ते घरात शिरताना चप्पल काढावी तसं हसू दाराबाहेर काढून यायचे. तेव्हा हेनीने फोन उचलला आणि काकूंना म्हणाली, "तुला यायचंय का? ड्राइव्ह करत ये. पार्क मात्र केया करेल."

काकूंनी बावीस पानं आठ दिवसांत पाठ केली. तारखा पक्क्या, गावं पक्की, डच उच्चारसुद्धा हेनी मान हलवेल इतपत. अडायचं ते पान बारावर. तिथे एवढंच लिहिलं आहे: 'पहिल्या दिवशी मी एक बीट खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं.' पहिल्या तालमीत काकूंनी इथे लोणी लावलेली पावाची चकती आणली. मी थांबवलं. दुसऱ्या तालमीत हळदीचं दूध आलं.

"पिवळं दूध?" हेनीने विचारलं. "फ्रीसलंडमध्ये? डिसेंबर चव्वेचाळीसला?"

"सर्दी झाली होती तुला. पान सहा."

तिसऱ्या तालमीत गूळ-शेंगदाणे. हे काकूंनी ठरवून केलं नव्हतं. त्या स्वतःच दचकल्या. "मला कळतच नाही," त्या परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाल्या. "माझी जीभच वळत नाही तिथे. आमच्या वर्गात एखादी पोरगी डबा न आणता आली की माझा तास पुढे सरकत नसे. आधी डबा, मग पानिपत. आता या वयात कसं बदलू मी, बाप्पा?"

चाचणीला चार दिवस उरले होते. त्या दिवशीचं भांडण मी सुरुवातीला लिहिलं, ते साखरेच्या खड्यापाशी थांबलं नाही. हेनी उठली आणि तिने फ्रीजवरच्या चुंबकाखालून एक घडी केलेला कागद काढला.

"दोन हजार अकरा साल," ती म्हणाली. "लायब्ररी. मी सांगितलं, सैनिक गेले तो बारा डिसेंबर, रविवार. मागच्या बाजूला एक माणूस उठला. सूट घातलेला, नीटनेटका. म्हणाला, मॅडम, त्या दिवशी मंगळवार होता. मग बाकीचंही असंच का?"

"असा कोणी माणूस असतो का?" काकू म्हणाल्या.

"असतो. आणि त्याचं बरोबर होतं. मंगळवारच होता." तिने कागद टेबलावर ठेवला. चव्वेचाळीस सालच्या डिसेंबरचं कॅलेंडर होतं. "मला बाहेर काढल्यावर ट्राइनने धुतलेला फ्रॉक घातला. धुतलेला फ्रॉक रविवारी घालायचे. म्हणून मला सदुसष्ट वर्षं रविवार वाटत होता. त्या दिवशी हॉलमधल्या साठ माणसांनी माझ्याकडे बघितलं ना, सुवर्णा, तेव्हा जे वाटलं, ते मला फळ्यांखालीही वाटलं नव्हतं."

आवाज जायला लागला होता. तिने पाणी घेतलं.

"तो माणूस पुन्हा येईल. मी नसेन तेव्हा तर नक्की येईल. त्याच्या बोटाला तुझं लोणी लागलं, तर माझं बीटही गेलं, ट्राइनही गेली. माझी आईपण गेली. कळलं?"

काकूंनी कॅलेंडर हातात घेतलं. इतिहासाच्या बाईंना तारखेचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली आणि म्हणाल्या, "केया, पान बारा काढ."

त्या संध्याकाळी पान बारा एकोणीस वेळा झालं. सोळा वेळा त्या अडल्या.

गुरुवारी सकाळी दहाला शाळा. सातवीची एकशे वीस मुलं, जिमच्या लाकडी पायऱ्यांवर. काकू सुती साडी, कार्डिगन आणि पांढरे स्नीकर्स. समोर पानं घेऊन बसलेली संस्थेची मार्शा, गळ्यात चष्म्याची साखळी. हेनी मुद्दाम सगळ्यात मागे, भिंतीपाशी. मी पहिल्या रांगेत, मांडीवर वही.

प्रिन्सिपॉलनी ओळख करून दिली, टाळ्या पडल्या, आणि काकूंनी पहिलं वाक्य टाकलं जे बावीस पानांत कुठेच नव्हतं. "वरच्या रांगेतल्या मुलांनी हूड खाली घ्यायचं आहे."

मार्शाने पेन उचललं. सगळे हूड खाली गेले, घातले नव्हते त्यांचेही हात डोक्याकडे गेले. मार्शाने पेन ठेवलं.

मग काकू सांगत गेल्या. पाळणाघर, ट्राम, सायकल. हातवारे नाहीत, आवाज काढणं नाही. मी शिकवायला गेले असते तर नेमकं ते सगळं शिकवलं असतं. शेंबडाला मुलं हसली, रुमालाला तर पाय आपटून हसली. काकू वर्गात थांबतात तशा थांबल्या, हसू संपू दिलं, आणि गोठ्याच्या फळ्या उचलल्या.

हार्मोनिका झाली. पान बारा आलं.

"पहिल्या दिवशी मी एक बीट खाल्लं," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दुसरं."

आणि थांबल्या.

प्रॉम्प्टरने मनात तीन आकडे मोजायचे असतात, मग ओठ हलवायचे. मी तीन मोजले. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचा हात कार्डिगनच्या खिशात गेला होता, जणू तिथे काही ठेवलेलं होतं. मी पाच मोजले. मार्शाने मान वर केली. सात. मी मागे वळून पाहिलं, हेनी भिंतीला टेकून बसली होती, पण मधल्या डोक्यांमुळे तिचा चेहराच दिसला, पाय नाही.

काकूंनी हात खिशातून बाहेर काढला. रिकामा. दोन्ही हात पाठीमागे धरले.

"तिसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या, "काही नव्हतं."

आणि पुढे गेल्या. तेरा, चौदा, मंगळवार बारा डिसेंबर, धुतलेला फ्रॉक. बाविसाव्या पानापर्यंत एक शब्द हलला नाही.

मग प्रश्न. वीर नावाच्या मुलाने विचारलं की तो सैनिक नेमकं कुठे चुकायचा. काकू म्हणाल्या, "त्यासाठी मागे बघा." एकशे वीस माना वळल्या. हेनीने आपल्या दहा मिनिटांतलं अर्धं मिनिट खर्च करून ती ओळ गुणगुणून दाखवली, चुकीसकट, आणि मग बरोबर कशी असायला हवी होती तीही. मुलांनी चूकच पुन्हा ऐकायला मागितली.

रुही नावाची मुलगी उठली. मला वाटतं आपल्यातलीच. इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"विद्यार्थिनी," काकू म्हणाल्या. "पाच लेसन. पॅरलल पार्किंग अजून येत नाही."

शेवटी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या एका बारीक मुलाने हात वर केला. "तिसऱ्या दिवशी खरंच कोणीच काही दिलं नाही? म्हणजे, अगदी थोडंसंही?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मी तीन आठवडे प्रयत्न केला."

मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी ती हसली, आधी चार-पाच, मग सगळीच. मागून हेनीचं खरखरीत हसू सगळ्यांच्या नंतर आलं आणि सगळ्यांच्या नंतर थांबलं.

नंतर आम्ही चौघी शाळेच्या ऑफिसशेजारच्या छोट्या खोलीत बसलो. मार्शाने पानं टेबलावर ठोकून सारखी केली. "हूड सोडले तर सगळं जसंच्या तसं," ती म्हणाली. "माझ्याकडून होकार. हेनी, आता तुमची सही. मे महिन्यात दोन शाळा आहेत, तिथे सुवर्णाच जातील. इथे लिहिलंय, 'माझ्या पश्चातही ही व्यक्ती.'"

हेनीने चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला. मागची बाजूही वाचली.

"पश्चात ते पश्चात," ती म्हणाली. "मे महिन्यात मी येणार. मागे बसणार."

"तुम्हाला दगदग कशाला?"

"मला ऐकायची आहे." आवाज जवळजवळ गेलाच होता, आम्हाला पुढे वाकावं लागलं. "पन्नास वर्षं मी ही सांगते. मी कधी ऐकलेलीच नव्हती."

तिने सही केली. अक्षर मोठं, तिरकं. मग फॉर्म मार्शाकडे सरकवला, पेनचं टोपण लावलं.

घरच्या पाहुण्याने पहिला घास खाल्ल्यावर वाढणारी बाई जशी त्याच्या तोंडाकडे बघते, तशा काकू हेनीकडे बघत होत्या.

"मग?" त्यांनी विचारलं. "ऐकलीस नं आता. कशी वाटली?"

हेनी उठली. तिने कोट घातला, एकेक बटण खालून वर लावत नेलं, वरच्या बटणापाशी जरा वेळ लागला. काकूंच्या खुर्चीमागून जाताना तिने त्यांच्या कार्डिगनची दुमडलेली कॉलर सरळ केली, आणि दार उघडून बाहेर निघून गेली.